अठराच्या रेटने वल्हं

म्हापशातल्या आमच्या जिममध्ये रोइंग मशीनवर बसणारा बहुतेक जण आधी डॅम्पर, म्हणजे मशीनच्या चक्रात किती हवा शिरेल ते ठरवणारी खिट्टी, दहावर नेतो आणि मिनिटाला बत्तीस-तेहतीस स्ट्रोकच्या रेटने सुटतो. चौथ्या मिनिटाला हँडल सुटलेलं, डोकं गुडघ्यांवर. मी शेजारी अठराच्या रेटने चाळीस मिनिटं ओढत असतो. "काका, झोप नाही येत?" असंही विचारून झालंय.

झोप कसली! हवेवर चालणाऱ्या या मशीनवर वेग सव्वापट करायचा तर ताकद जवळजवळ दुप्पट लागते. ५०० मीटरला अडीच मिनिटं, या वेगाला सुमारे १०४ वॅट पुरतात. दोन मिनिटांवर यायचं तर २०२. आता तेच १०४ वॅट तीसच्या रेटने काढले तर दर स्ट्रोकला २०७ ज्यूल पडतात, अठराच्या रेटने ३४६. म्हणजे ३५ किलोची गोणी मीटरभर उचलल्यासारखं, मिनिटाला अठरा वेळा. नुसत्या हातांनी ते होत नाही. आधी पाय, मग कंबर, शेवटी हात, परतताना उलट. पाय अर्धवट ढकलले की समोरचा आकडा लगेच चुगली करतो.

अठराच्या रेटने एका स्ट्रोकला सव्वातीन सेकंदांहून किंचित जास्त मिळतात. ओढायला साधारण एक, उरलेले परतीला. परतीत चक्र मंदावतं आणि त्या मंदावण्यावरून मॉनिटर हवेचा रोध मोजतो. त्यामुळे डॅम्पर दहावर नेऊन आकडा फुकटात वाढत नाही, कंबर तेवढी धरते. मी चारवर ठेवतो.

अर्थात अठरालाही जीव खाऊन ओढता येतंच. दमसास वाढवायचा असेल तर ओढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तेवढ्या श्रमात सावकाश आकसणारे स्नायुतंतू ऑक्सिजनवर भागवतात, जोराच्या श्रमात तयार होणारं लॅक्टेट रक्तात साठत नाही. असं काही आठवडे चाललं की स्नायूंत मायटोकाँड्रिया (पेशींतली ऊर्जाघरं) आणि केशवाहिन्या वाढतात.

आपल्याकडे खरी गंमत जुलैत. बाहेर पाऊस, आत घाम, आणि दमट हवेत तो वाळतच नाही. अंग थंड करायला रक्त कातडीकडे वळतं, घामातून पाणी जातं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त निघतं. ती कसर ठोके वाढवून भरून निघते: मॉनिटरवर वेग तोच, नाडी मात्र चढत जाते. तेव्हा मी हट्ट करत नाही. अर्ध्या तासानंतर ५०० मीटरमागे पाच-सहा सेकंद सोडतो आणि कोपऱ्यातला पंखा ओढून जवळ घेतो.