मृदू अस्थीतील रोपणवेधन

दंतरोपणासाठी (इम्प्लांटसाठी) जबड्याच्या विरळ, कमी घनतेच्या हाडात जागा तयार करण्याच्या पद्धती. असे हाड मुख्यतः वरच्या जबड्यात मागे, दाढांच्या जागी आढळते.

मृदू हाड नेमके कोणास म्हणावे, याबाबत वर्गीकरणांत एकवाक्यता नाही. लेकहोम व झार्ब यांनी १९८५ मध्ये केलेल्या विभागणीत बाह्य कठीण थर आणि आतील सच्छिद्र भाग यांचे परस्परप्रमाण पाहून हाडाचे चार प्रकार केले असून, चौथ्या प्रकारात पातळ कवचाआड विरळ जाळी असते. कार्ल मिश यांच्या डी-१ ते डी-४ या श्रेणीत ड्रिलखाली हाताला जाणवणाऱ्या विरोधाला महत्त्व आहे. त्यांच्या उपमेनुसार डी-१ ओक किंवा मेपलच्या लाकडासारखे, डी-३ बाल्सासारखे, तर डी-४ स्टायरोफोमसारखे, म्हणजे आपल्याकडील थर्माकोलसारखे लागते. ‘चौथा प्रकार’ आणि ‘डी-४’ या संज्ञा अनेक लेखांत एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, ते काटेकोरपणे पाहता योग्य नाही. मिश यांनी डी-४ साठी सीटी स्कॅनवरील १५० ते ३५० हौन्सफील्ड एकके (घनतेचे माप) ही मर्यादाही दिली. परंतु दंतचिकित्सालयांत रूढ असलेल्या कोन-बीम स्कॅनवरील (शंकूच्या आकाराच्या क्ष-किरण झोताने घेतलेल्या सीटीवरील) करडेपणाचे आकडे खऱ्या हौन्सफील्ड एककांशी जुळतातच असे नाही, त्यामुळे ही मर्यादा तेथे जशीच्या तशी लावता येत नाही.

जॅफिन व बर्मन यांनी १९९१ मध्ये १,०५४ रोपणांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात चौथ्या प्रकारच्या हाडातील ३५ टक्के, तर इतर तीन प्रकारांतील सुमारे ३ टक्केच रोपणे निकामी झाली होती. ती रोपणे गुळगुळीत पृष्ठभागाची होती. खडबडीत पृष्ठभाग आल्यावर ही तफावत बरीच कमी झाली.

रूढ पद्धतीत सुमारे २ मिमी.च्या ड्रिलने आरंभ करून छिद्र क्रमाने रुंदावले जाते व कापलेला हाडाचा चुरा सलाइनच्या धारेबरोबर बाहेर पडतो. एरिकसन व आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशाच्या हाडावर दाखविलेली ४७° से. तापमानाची, एक मिनिटाची मर्यादा (त्यापलीकडे हाडाला इजा होते) वेधनाच्या सर्वच चर्चांत उद्धृत होते. मृदू हाडात मात्र उष्णतेपेक्षा दुसरीच अडचण मोठी असते : मुळात थोडे असलेले हाड ड्रिलबरोबर निघून जाते, आणि हात किंचित हलला तरी छिद्र लंबगोल होऊन रोपण बसविताना जागच्या जागी फिरते. यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे शेवटचे ड्रिल गाळून छिद्र अरुंद ठेवणे. रोपणाचे आटे मग स्वतःच हाड दाबत आत जातात.

हाड कापण्याऐवजी दाबून बाजूस सारण्याच्या कल्पनेचे श्रेय बहुधा रॉबर्ट समर्स यांना दिले जाते. त्यांनी १९९४ मध्ये चढत्या व्यासाच्या ऑस्टिओटोमांचा (हातोडीने ठोकून हाडात घालायच्या दांड्यांसारख्या हत्यारांचा) संच वर्णिला. तथापि हिल्ट टाटम यांनी सायनसचा (वरच्या जबड्यावरील हवेच्या पोकळीचा) तळ हिरडीच्या बाजूने उचलण्यासाठी अशाच जातीची हत्यारे त्याआधी वापरली होती व त्यांचे लेखन १९८६ चे आहे. तेव्हा कल्पनेचे मूळ टाटम यांच्याकडे आणि पद्धतीची घडण समर्स यांच्याकडे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हातोडीच्या ठोक्यांमुळे काही रुग्णांना नंतर चक्कर येते, तसेच हाडाच्या जाळीत सूक्ष्म भंग होतात. मिनिपिगवरील (लहान जातीच्या डुकरावरील) ब्यूख्टर व सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात ऑस्टिओटोमने बसविलेल्या रोपणांची स्थिरता रूढ वेधनापेक्षा कमीच भरली. सशांवरील नेंके यांचे निष्कर्ष (२००२) याउलट अनुकूल होते.

सालाह हुवाइस यांच्या अस्थिघनीकरणात खास घडणीचे बर (ड्रिलची फिरती पाती) मिनिटाला ८०० ते १,५०० फेऱ्यांनी, भरपूर सलाइनखाली, उलट दिशेने फिरविले जातात. उलट फिरताना त्यांच्या कडा कापत नाहीत, तर हाड दाबत नेतात. बर वरखाली हलविताना चुरा भिंतींत लिंपला जातो आणि ठोके टळतात. तोच बर सुलट फिरविल्यास नेहमीसारखा कापतो. हुवाइस व मेयर यांच्या डुकराच्या नडगीच्या हाडावरील प्रयोगात (२०१७) बसविण्याचा टॉर्क (रोपण पिळून बसविताना लागणारा जोर) रूढ वेधनापेक्षा वाढलेला आढळला.

पद्धतींची तुलना बहुतेक टॉर्क व आयएसक्यू (कंपनांवरून मोजलेला रोपणाच्या स्थिरतेचा अंक) या मापांवर होते, आणि तात्काळ दात बसविण्यासाठी साधारण ३५ न्यूटन-सेंमी. टॉर्क पुरेसा समजतात. ही मापे शस्त्रक्रियेच्या दिवशीची यांत्रिक पकड सांगतात, हाड रोपणाशी जुळून आल्याचे नव्हे. दाबलेले हाड आधी अंशतः शोषले जाते व नवे हाड त्यानंतर येते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत स्थिरता घटू शकते. अरुंद छिद्र आणि घनीकरण यांपैकी दुसऱ्यास खर्च अधिक असल्याने, केवळ टॉर्क वाढवायचा असेल तर पहिलेच पुरते. जबड्याच्या हाडाची कड अरुंद असून ती थोडी रुंदावायची असल्यास घनीकरण उजवे ठरते. घट्ट कवचाच्या हाडात मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तेथे दबण्यास जागाच नसते.

पाण्याविना, मिनिटाला शंभराहून कमी फेऱ्यांत वेधन करून चुरा जमविण्याची रीतही वापरात आहे.