ओतीव केटलबेल आणि स्पर्धेचे केटलबेल: फरक मुठीत आहे

व्यायामाच्या साहित्याच्या दुकानात दोन केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेले व्यायामाचे जड गोळे, शेजारी शेजारी ठेवलेले असतात, दोन्हींवर 16 किलो हा आकडा असतो आणि किमतीत मात्र चांगलाच फरक असतो. अशा वेळी महागडे केटलबेल म्हणजे त्याच वस्तूला रंग देऊन भाव वाढवलेला नमुना असणार, असे ग्राहकाला वाटणे स्वाभाविक आहे. मलाही रत्नागिरीत पहिले केटलबेल घेताना तसेच वाटले होते. मी स्वस्त, म्हणजे ओतीव, ते उचलले, घरी येऊन पडवीत एका हाताने स्नॅचचे (केटलबेल पायांमधून झुलवून एका दमात डोक्यावर नेण्याचे) लांबलचक संच मारू लागलो, आणि तिसऱ्या आठवड्यात अनामिकेच्या मुळाशी असलेली तळहाताची कातडी रुपयाच्या नाण्याएवढी सोलून निघाली. स्वस्त वस्तू वाईट, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला, पण तो चुकीचा होता. मी जे काम त्या केटलबेलकडून करून घेत होतो त्या कामासाठी ते घडवलेलेच नव्हते, आणि शिवाय त्याच्या मुठीच्या पोटाला साच्याच्या सांध्याची बारीक कड तशीच राहिलेली होती.

ओतीव केटलबेल म्हणजे लोखंडाचा रस साच्यात ओतून केलेला भरीव गोळा आणि त्याला असलेली मूठ. वजन वाढले की लोखंड वाढते आणि लोखंड वाढले की गोळा मोठा होतो, त्यामुळे 8 किलोचे केटलबेल शहाळ्यापेक्षाही लहान दिसते आणि 32 किलोचे चांगलेच थोराड. स्पर्धेचे केटलबेल पोलादी असते आणि त्याचे बाह्य माप वजनाप्रमाणे बदलत नाही: 8 किलो असो वा 32 किलो, उंची 280 मिलिमीटर, गोळ्याचा व्यास 210 मिलिमीटर आणि मुठीची जाडी 35 मिलिमीटर, काही बनावटींत 33. सगळी एकसारखी दिसत असल्याने वजन ओळखण्यासाठी रंग ठरलेले आहेत. 8 किलोला गुलाबी, 12 ला निळा, 16 ला पिवळा, 20 ला जांभळा, 24 ला हिरवा, 28 ला नारिंगी आणि 32 ला लाल. एकच माप आणि वेगवेगळी वजने हे जमते ते गोळा आतून पोकळ ठेवल्यामुळे. 210 मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचे आकारमान पावणेपाच लिटरांहून थोडे अधिक भरते, आणि ओतीव लोखंड पाण्याच्या सातपटीहून जड असल्याने असा गोळा पूर्ण भरीव केला तर त्याचे वजन 35 किलोच्या घरात जाईल. म्हणजे लाल केटलबेल जवळजवळ भरीव, तर गुलाबी केटलबेल बहुतांशी पोकळ. काही उत्पादक ही पोकळी भुकटीने किंवा छऱ्यांनी भरून वजन जुळवतात, आणि ते भरण नीट बसवलेले नसले तर केटलबेल हलवताच आतून खुळखुळ्यासारखा आवाज येतो. असे केटलबेल घेऊ नये, कारण आत सरकणारे वजन प्रत्येक फेरीत मनगटाला वेगळा झटका देते.

हे एकच माप कशासाठी, याचे उत्तर रशियात सापडते. केटलबेल मुळात धान्य तोलण्याचे वजन होते, आणि त्याचे माप पूड या जुन्या रशियन परिमाणात, म्हणजे 16.38 किलोच्या पटीत धरले जाई. आजही 16, 24 आणि 32 किलोचे केटलबेल एक, दीड आणि दोन पुडांचे मानले जातात, ते त्यामुळेच. पुढे त्याचा खेळ झाला आणि 1985 मध्ये सोव्हिएत संघातील लिपेत्स्क येथे त्याची पहिली अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा भरली. या खेळाच्या मूळ प्रकारात खेळाडू दहा मिनिटे केटलबेल खाली न ठेवता उचलत राहतो, आणि स्नॅचमध्ये त्याला हात एकदाच बदलता येतो. इतका वेळ एकाच हालचालीची आवर्तने करायची तर केटलबेल प्रत्येक वेळी हाताच्या त्याच जागी येऊन टेकले पाहिजे, आणि आज 16 व सहा महिन्यांनी 24 किलो उचलताना ती जागा बदलता कामा नये.

ही जागा कोणती, ते रॅक स्थितीत, म्हणजे केटलबेल छातीशी टेकवून धरले असता, चटकन कळते. स्पर्धेच्या केटलबेलचा मोठा गोळा मनगटाच्या बराच खाली, कोपराच्या दिशेने, मांसल भागावर विसावतो. हलक्या ओतीव केटलबेलचा लहान गोळा मात्र मनगटाच्या लगत, हाडावर येतो, आणि नवशिक्याच्या हातावर जे निळे डाग पडतात त्यांचे हे एक कारण आहे. दुसरे कारण तंत्रातले आहे: केटलबेल हाताभोवती फिरवून आणण्याऐवजी ते वरून पडू दिले तर मोठा गोळाही मारतोच.

आता मुठीकडे येऊ, कारण माझ्या मते निवड गोळा पाहून करायची नसते, मूठ पाहून करायची असते. ओतीव केटलबेलची मूठ रुंद आणि वक्र असते. तिच्यात दोन्ही हात आरामात मावतात, म्हणून दोन हातांच्या स्विंगसाठी, म्हणजे केटलबेल पायांमधून छातीपर्यंत झुलवण्यासाठी, ती उत्तम. पण तिची जाडी वजनाबरोबर बदलते. हलक्या केटलबेलची मूठ बहुधा 30 मिलिमीटरच्या आसपास, तर जड केटलबेलची 35 च्या पुढे, त्यामुळे वजन वाढवले की पकडही नव्याने शिकावी लागते. स्पर्धेच्या केटलबेलची मूठ अरुंद आणि सरळ असते, बाजूचे खांब जवळजवळ उभे असतात. एक हात तिच्यात घट्ट बसतो, इकडेतिकडे सरकत नाही, आणि दोन हात मात्र कोंबावे लागतात. दोन हातांच्या स्विंगसाठी स्पर्धेचे केटलबेल घेणाऱ्याची करंगळ्या चेंगरल्याची तक्रार खरी असते, पण दोष केटलबेलचा नसतो.

हाताची कातडी फाटते कशी, हे समजून घेतल्याशिवाय मुठीचा हा फरक पुरता लक्षात येत नाही. मासेमारीच्या बोटीवर दोर ओढणाऱ्या खलाशाच्या तळहातालाही घट्टे असतात, पण दोर हातातून एका दिशेने जातो. केटलबेलची मूठ हातात फिरते. केटलबेल खाली झेपावते तेव्हा मूठ तळव्याच्या मध्यात धरलेली असेल, तर वजन तिला बोटांकडे ओढते, आणि वाटेत बोटांच्या मुळाशी असलेली कातडीची वळी मूठ आणि हाड यांच्यामध्ये चिमटीत सापडते. हेच शेकडो वेळा घडले की तिथे घट्टा जमतो. घट्टा हे हाताने स्वतःसाठी घातलेले अस्तर आहे आणि त्यात वाईट काही नाही, मात्र तो उंचवटा होऊन बसला की मूठ त्याच्याच कडेला अडते आणि तो मुळासकट उचकटला जातो. फोड ही वेगळी गोष्ट. तो घट्टा तयार होण्याआधीच, घर्षणाने कातडीचे थर सुटून त्यांच्यामध्ये पाणी भरल्याने येतो, आणि तो आला म्हणजे कातडीला सवय होण्याआधी काम फार झाले असे समजावे. घट्टे पडले म्हणजे हात तयार झाला, ही आपल्याकडची समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे.

उपाय पकडीत आहे. स्विंगमध्ये आणि स्नॅचच्या उतरत्या टप्प्यात मूठ बोटांच्या आकड्यात धरावी, तळव्यात नव्हे. केटलबेल डोक्यावर स्थिर झाल्यावर मात्र ती तळव्यात तिरकी बसली पाहिजे, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातून तळहाताच्या टाचेकडे, म्हणजे मनगट सरळ राहते. या दोन पकडींमधला बदल केटलबेल खाली येऊन झटका बसण्याआधी व्हायला हवा, झटका बसल्यावर नव्हे. मुठीला आवळून धरण्याची सवयही सोडावी लागते, कारण आवळलेली मूठ फिरत नाही आणि मग तिच्याऐवजी कातडी फिरते.

मुठीवरच्या लेपाचा प्रश्न कोकणात इतर ठिकाणांपेक्षा अधिक बिकट होतो. चकचकीत रंगाची मूठ घामाने निसटते. पावडर कोटिंगची किंचित खरखरीत मूठ घामातही पकड देते आणि हातांना लावायची मॅग्नेशियमची पूडही धरून ठेवते, पण फार खरखरीत असेल तर लांब संचांत ती काचकागदासारखी कातडी खाते. स्पर्धेच्या केटलबेलची मूठ सामान्यतः बिनरंगाच्या पोलादाची असते. ती गुळगुळीत फिरते, पूड तिच्यावर छान बसते, आणि म्हणूनच खेळाडूंना ती प्रिय आहे. पण वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बारा महिने खारा वारा असलेल्या किनाऱ्यावर उघडे पोलाद ठेवणे म्हणजे गंजाला आमंत्रण. व्यायामानंतर घामाचे मीठ आणि उरलेली पूड कोरड्या फडक्याने पुसून मुठीवर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, आणि पुढच्या वेळी वापरण्याआधी ते तेल पूर्ण पुसून काढावे. ओतीव केटलबेलच्या लेपाचा टवका उडाला तर तिथूनही गंज धरतो, म्हणून जांभ्याच्या चिऱ्यावर किंवा फरशीवर ते आपटू नये, खाली रबरी चटई असावी.

पुडीबाबत एक घोटाळा नेहमी होतो. हातांना लावायची पूड मॅग्नेशियम कार्बोनेटची असते, ती घाम शोषते आणि पकड वाढवते. टॅल्कम पावडर मॅग्नेशियमचेच सिलिकेट असले तरी तिचे काम नेमके उलटे, ती घर्षण कमी करते. कॅरमची बोरिक पावडर तर सोंगट्या सरकाव्यात म्हणूनच असते, आणि ती हाताला लावून कोणी 24 किलो डोक्यावर नेऊ नये. (आपला मल्लखांबपटू खांबाला एरंडेल लावतो, कारण त्याला अंग खांबावरून सरकायला हवे असते. प्रत्येक खेळाचे घर्षणाशी नाते निराळे.) मॅग्नेशियमची पूडही जितकी जास्त तितकी चांगली, असे नाही, कारण थर जाड झाला की मूठ हातात फिरेनाशी होते. पावसाळ्यात ती ओलावा धरून गोळे करते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

हातमोज्यांबद्दल मी फारसा अनुकूल नाही. जाड मोजा मुठीची जाडी वाढवतो, बोटे लवकर थकतात, आणि कापडाची चुणी कातडीच्या चुणीइतकीच बोचते. कातडी हळवी झालेल्या दिवशी जुन्या पायमोज्याच्या वरच्या भागाची चार बोटे रुंद पट्टी कापून ती तळव्याभोवती, बोटांच्या मुळाशी चढवली तर काम भागते. रोजची निगा याहून साधी आहे: आंघोळीनंतर कातडी मऊ असताना घट्ट्यावरून वजरी फिरवून तो भोवतालच्या कातडीशी सपाट करावा, पूर्ण काढून टाकू नये. रात्री मुठेल, म्हणजे कोकमाचे तेल, चोळावे. टाचांच्या भेगांवर आपल्या आज्या ज्यासाठी ते लावत, त्यासाठीच ते तळहातावरही उपयोगी पडते.

घट्टा फाटलाच तर साबण-पाण्याने धुऊन, लोंबती कातडी स्वच्छ कात्रीने कापून, व्हॅसलीन लावून पट्टी बांधावी आणि जखम भरेपर्यंत त्या हाताने स्नॅच करू नये. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. उघड्या जखमेचा हात खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात घालू नये आणि त्या हाताने मासळी साफ करू नये, कारण कोमट खाऱ्या पाण्यात राहणारे व्हिब्रियो जातीचे जिवाणू जखमेतून शरीरात शिरू शकतात. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी हे फार गंभीरपणे घ्यावे, आणि हात लाल होऊन सुजू लागला तर डॉक्टरकडे जाण्यास विलंब करू नये.

मग घ्यावे कोणते? दोन हातांचे स्विंग, गोब्लेट स्क्वॉट (केटलबेल छातीशी धरून उठाबशा) आणि अधूनमधून प्रेस (खांद्यापासून डोक्यावर ढकलणे) एवढेच करायचे असेल तर चांगले ओतीव केटलबेल पुरते, आणि उरलेल्या पैशांत दुसरे वजन घेता येते. सुरुवातीला बहुतेक स्त्रियांना 8 आणि पुरुषांना 12 किंवा 16 किलो योग्य ठरते. एका हाताचे स्नॅच, क्लीन (झुलवून छातीशी आणणे), जर्क (पायांच्या झटक्याने छातीपासून डोक्यावर नेणे) लांब संचांत करण्याचा मानस असेल तर पहिल्यापासून स्पर्धेचेच घ्यावे. ओतीव घेताना मुठीच्या आतल्या बाजूने सुती फडके ओढून पाहावे. धागा अडकला तर तिथे कड आहे. ती बारीक असेल तर काचकागदाने घासून काढता येते, पण बोटाला सरळ जाणवत असेल तर ते केटलबेल दुकानातच ठेवावे. बाहेरून प्लॅस्टिक आणि आत सिमेंट असलेले नमुने मी या तुलनेत धरलेलेच नाहीत.

माझ्या शेजारचे खलाशी काका 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात माझे ते पहिले ओतीव केटलबेल घेऊन जातात. मुठीखालची कड मी कधीच घासून काढली आहे, आणि काका दोन हातांच्या स्विंगखेरीज काही करत नाहीत. चार पावसाळे झाले, त्यांच्या हाताला एक फोड आलेला नाही.