विमा कंपनी बदलताना नो क्लेम बोनस कसा सिद्ध करावा

एका कंपनीचा गाडीचा विमा सोडून दुसऱ्या कंपनीकडे जाताना साठलेला नो क्लेम बोनस बुडतो का, असे आमच्या कचेरीत जवळजवळ रोज विचारले जाते. तो बुडत नाही. हा बोनस गाडीचा नसतो आणि कंपनीचाही नसतो. तो विमेदाराचा असतो आणि त्याच्याबरोबर पुढच्या कंपनीकडे जातो. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, त्यापुढे ओळीने २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के अशी ही सूट असून ती हप्त्याच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागावरच मिळते. थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीने इतरांच्या झालेल्या नुकसानीच्या, हप्त्यात तिच्यामुळे एक रुपयाही कमी होत नाही.

सिद्ध करण्यासाठी मुख्य कागद म्हणजे जुन्या कंपनीची नूतनीकरणाची सूचना किंवा बोनसबद्दलचे तिचे पत्र. ते हाती नसेल तर जुन्या पॉलिसीची प्रत जोडून ग्राहकाने स्वतःच्या सहीने घोषणापत्र दिले तरी चालते. मग नव्या कंपनीने २१ दिवसांच्या आत जुन्या कंपनीकडे लेखी विचारणा करायची आणि जुन्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचे, असा नियम २००२ च्या मोटर टॅरिफपासून, म्हणजे वाहन विम्याच्या नियमावलीपासून, आहे.

आमचा सर्वाधिक वेळ या घोषणापत्रापायीच जातो. "गेल्या वर्षी क्लेम झाला होता का?" असे विचारले की "नाही" हे उत्तर तयार असते, आणि ते देणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. चोर्ला घाटात वळणावर बंपर घासला, हेडलाइट फुटला, गाडी गॅरेजला लावली, दोन-तीन कागदांवर सह्या केल्या आणि हजार-दीड हजार रुपये भरून गाडी घरी आणली. "पैसे आमच्या हातात कुठं आले? कंपनीनं गॅरेजवाल्याला दिले," असे एका जुन्या ग्राहकांनी आम्हाला ऐकवले होते. परंतु कॅशलेस दुरुस्ती म्हणजे क्लेमच होय, आणि ओन डॅमेजचा एक क्लेम झाला की साठलेला बोनस एक पायरी खाली येत नाही, थेट शून्यावर येतो. आपण भरलेले ते हजार-दीड हजार रुपये म्हणजे सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये ग्राहकानेच भरायची ठरलेली रक्कम) आणि कंपनीने न उचललेल्या सुट्या भागांचा खर्च; बाकीचे बिल कंपनीने चुकते केलेले असते आणि तिच्या दप्तरी त्याची नोंद असते.

आकड्यांत सांगायचे तर, ओन डॅमेजचा हप्ता १२,००० रुपये धरला आणि ४५ टक्के बोनस मागितला, तर ५,४०० रुपये वाचतात. तो बोनस चुकीचा निघाला, तर ओन डॅमेज विभागाखालील सगळे लाभ गमावण्याची कबुली आपणच घोषणापत्रात सही करून दिलेली असते. पुढे मोठा अपघात होऊन ८०,००० रुपयांचे बिल आले, की वाद नेमका त्या सहीपाशी येऊन अडतो.

म्हणून आम्ही फोनवरच्या शब्दावर पॉलिसी काढत नाही. जुन्या पॉलिसीची सगळी पाने मागतो, मागच्या वर्षी गाडी कोणत्या गॅरेजला गेली होती तेही विचारतो, आणि शंका आली तर जुन्या कंपनीकडून ई-मेलने खात्री करून घेतो. मोबाइलवर हेच काम पाच मिनिटांत होते, असे काहीजण तोंडावर सांगतात. होते खरे, परंतु तिथे "क्लेम नाही" या चौकोनावर टिचकी मारणे म्हणजे तेच घोषणापत्र देणे, आणि तिथे गॅरेजची आठवण करून देणारे कोणी नसते. या चौकशीचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

चौकशीचा फायदा उलट बाजूनेही होतो. जुन्या पॉलिसीवर छापलेली टक्केवारी ते वर्ष सुरू होताना मिळालेली असते. तिथे ३५ लिहिले असेल आणि त्या वर्षात क्लेम नसेल, तर आता आपला हक्क ४५ चा आहे. छापलेला आकडाच मागणारे ग्राहक पुष्कळ येतात. त्यांना पुढचा टप्पा आम्हीच लावून देतो. नूतनीकरणाच्या सूचनेवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. ती आधी छापली जाते, आणि नंतरच्या आठवड्यांत क्लेम झाला तर तिच्यावरचा आकडा निरुपयोगी ठरतो. नवी पॉलिसी पंधरा दिवस आधी घेऊन ठेवली आणि जुनीचे दिवस उरलेले असताना क्लेम केला, तरीही तेच. तसे घडल्यास आम्हाला लगेच कळवावे.

आपल्या भागात नावांचा घोळ फार होतो. पत्त्यात बेळगाव आहे की बेळगावी, याने काही अडत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पूर्वीच्या कागदांवर जुने नाव असणारच. कोल्हापूरहून घेतलेली एमएच-०९ ची गाडी आता केए-२२ झाली, तरीही आपला बोनस तुटत नाही, कारण इंजिन आणि चासी नंबर तेच राहतात. मात्र आरसी वडिलांच्या नावावर आणि नवी गाडी मुलाच्या नावावर असेल, तर वडिलांचा बोनस मुलाला मिळत नाही, मग ती जुनी गाडी दहा वर्षे मुलानेच चालवलेली का असेना. विमेदाराचे निधन होऊन तीच गाडी पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्या ताब्यात गेली, तर मात्र बोनस त्यांच्याकडे जातो. गाडी विकली असल्यास विक्रीचा पुरावा देऊन जुन्या कंपनीकडून बोनस राखल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते, पण कारचा बोनस कारलाच लागतो, स्कूटरला नाही.

मुदतीबाबत दोन गोष्टी. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर बोनस जातो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाल्याने अनेकांकडे असे होते, की ओन डॅमेज पहिल्याच वर्षी संपलेले असते, पण थर्ड पार्टी चालू असल्याने पोलिसांनी अडवले तरी कागद बरोबर दिसतात आणि ९० दिवस कधी उलटले ते कळतही नाही. दोन्ही भागांच्या तारखा पॉलिसीवर वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या कृपया स्वतः वाचाव्यात.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घेतलेले ग्राहक "आमचा विमा दसऱ्याला संपतो" असे सांगतात. पॉलिसी तिथीने चालत नाही. ५ ऑक्टोबर २०२२ च्या दसऱ्याला सुरू झालेली वर्षाची पॉलिसी ४ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री संपली, आणि त्या वर्षीचा दसरा २४ ऑक्टोबरला होता. सणाची वाट पाहत थांबलेल्यांचा बोनस वाचला, पण तेवढे दिवस गाडीला ओन डॅमेजचे संरक्षण नव्हते, आणि नवी पॉलिसी देण्याआधी गाडीची तपासणी करून घ्यावी लागली. सणांच्या सुट्ट्यांत जुन्या कंपन्यांकडून ई-मेलची उत्तरेही उशिरा येतात. तेव्हा कंपनी बदलायची असल्यास मुदतीच्या किमान पंधरा दिवस आधी जुनी पॉलिसी, आरसी आणि असेल तर गॅरेजचे बिल घेऊन यावे.