ग्वाल्हेर दरबारातली मानकरीण

मानकरीण म्हणजे दरबारात ज्या घराला मान आहे त्या घरची लेक नाहीतर सून. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी शितोळे, आंग्रे, फाळके, जाधव अशी सरदार घराणी होती, त्यांचे वाडे लष्कर नावाच्या भागात (दौलतराव शिंद्यांची छावणी पडली होती तिचंच पुढे हे शहर झालं), आणि या वाड्यांतल्या बायका सणावाराला, बारशाला, हळदीकुंकवाला डोक्यावर पदर घेऊन राणीसाहेबांकडे जायच्या. बरेच जण त्यांना दासी समजतात, ते साफ चूक आहे. पाणी देणं, पंखा घालणं ही कामं कुणबिणींची. मानकरणीचं काम म्हणजे हजेरी. मुजरा करायचा, आपल्या घराच्या मानाप्रमाणे ठरलेल्या जागी उभं राहायचं किंवा बसायचं, आणि नवऱ्याचं, दिराचं काही अडलं असेल तर योग्य वेळ बघून ते राणीसाहेबांच्या कानावर घालायचं. बाहेरच्या दरबारात जे बोलता यायचं नाही ते इथे बोललं जायचं, म्हणून ही चाकरी हलकी मानू नये.

त्यात सोयरीकही असायची. महादजींची लेक बाळाबाई शितोळ्यांकडे दिलेली, म्हणजे सरदाराची सून हीच धन्याची मुलगी, मग नातं कुठे संपतं आणि चाकरी कुठे सुरू होते हे कसं सांगणार?

या बायका जवळून दिसतात त्या बायजाबाईंच्या छावणीत. कागलच्या घाटग्यांची ही मुलगी दौलतरावांची राणी, ते 1827 मध्ये गेल्यावर तिने 1833 पर्यंत राज्य चालवलं, मग तिला ग्वाल्हेर सोडावं लागलं. 1835 मध्ये फत्तेगडला तिच्या छावणीत फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई भेटायला गेली, तेव्हा बायजाबाई गादीवर, अंगावर साधं लाल रेशीम, हातात सोन्याच्या साध्या बांगड्या, बाकी दागिना नाही कारण विधवा, शेजारी नात गजाराजा, भोवती मानकरणी उभ्या आणि गादीवर पायाशी शिंद्यांची तलवार. गोष्टी घोडेस्वारीवर आल्या. मराठा बायका काष्टा मारून टांग टाकून बसायच्या, आणि मेमसाहेब दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसतात याचं त्यांना भारी हसू आलं, शेवटी पार्क्सबाई स्वतः मराठा पद्धतीने बसून बघतात आणि त्यांना तेच पटतं! दरबारी बाई म्हटलं की आपल्याला नुसता पडदा आठवतो, म्हणून हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, पाठोपाठ जहागिऱ्याही गेल्या, आणि सरदारांच्या मानाबरोबर ही हजेरीही बंद पडली. बहुतेक मानकरणींची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. लष्करात बाळाबाईचा बाजार मात्र अजून त्याच नावाने भरतो.