मेंदूमृत्यू म्हणजे कोमा नव्हे

“छाती हलतेय, अंग गरम आहे, मग गेले कसे? अवयवांसाठीच घाई चाललीय!” डॉक्टरांनी मेंदूमृत्यू सांगून अवयवदानाविषयी विचारलं की अतिदक्षता विभागाबाहेर घरच्यांत फूट पडते ती बहुधा इथेच. पण छाती हलवतो व्हेंटिलेटर, म्हणजे कृत्रिम श्वास देणारं यंत्र. हृदयाची विद्युतयंत्रणा स्वतःची. ऑक्सिजन मिळतोय तोवर ते मेंदूविनाही काही काळ धडधडतं. कोमातला माणूस जिवंत असतो. मेंदूमृताचा मेंदूस्तंभही, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा तळाचा भागही, कायमचा बंद पडलेला असतो. हे पडताळायच्या तपासणीत व्हेंटिलेटर काढून नळीतून नुसता ऑक्सिजन देतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिमीपर्यंत चढला, की एरवी श्वास घ्यावाच लागतो; मेंदूमृताला तरीही श्वास येत नाही. कधी बोट हलतं आणि अवयवदानाच्या संमतीवर सही करायला निघालेला मुलगा थबकतो. साहजिकच आहे, पण ती हालचाल मज्जारज्जूची, मेंदूची नव्हे. मृताने अवयवदानाची इच्छा नोंदवली असेल, तर नातेवाइकांनी ती मोडावी का, यावर जरूर भांडावं; माणूस गेला का, यावर नको.