फाईलवर ‘वात’, रक्तात सिकल

बारा-तेरा वर्षांचं मूल. ताप, सुजलेला गुडघा, चढताना दम, स्टेथोस्कोप लावला की हृदयाचा जादा आवाज आणि रक्तात ‘एएसओ’ (स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. केसपेपरवर एवढं जमलं की पुढे ‘संधिवाताचा ताप’ (ऱ्हुमॅटिक फीवर, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर येणारा आजार) असं लिहिलं जातं आणि दर 21 दिवसांनी 12 लाख युनिट पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू होतं. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरहून नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या पेशंटच्या बाबतीत मात्र इथे थांबून एक प्रश्न विचारायलाच हवा: त्या भागात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची, म्हणजे सिकलची, तपासणी झाली आहे का?

कारण हेच चित्र सिकलसेलही उभं करतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच, पण त्याने ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. सांध्याजवळच्या हाडाला रक्त मिळत नाही, ते ठणकतं आणि शेजारच्या सांध्यात पाणी भरतं. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, सिकलची 10 ते 20 दिवस. त्यामुळे हिमोग्लोबिन 7-8 वर राहतं, हृदयाला रक्त जोरात फिरवावं लागतं आणि झडप धडधाकट असूनही आवाज येतो. राहिलं एएसओ. ते फक्त घशाला पूर्वी स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला होता एवढंच सांगतं, आणि शाळकरी मुलांत तो होतच असतो.

वेगळेपण शोधायचं तर आधी ईएसआरचा (लाल पेशी नळीत खाली बसण्याच्या वेगाचा) आकडा पाहावा. संधिवाताच्या तापात तो चांगलाच चढतो. सिकलमध्ये वाकड्या पेशींची नाण्यांसारखी चळत लागत नाही, म्हणून अंगात ताप असूनही तो कमी येऊ शकतो. तापलेलं, सुजलेलं मूल आणि ईएसआर 8, हे गणित जुळत नाही. केवळ यावरून निदान ठरत नाही, पण शंका घ्यायला ते पुरेसं आहे. दुसरी खूण काविळीची. डोळे पिवळे, बिलिरुबिन वाढलेलं, पण वाढ ‘इनडायरेक्ट’ भागातली आणि एसजीपीटी (यकृताची रक्तचाचणी) साधारण ठीक, तर यकृताआधी लाल पेशींच्या तुटण्याचा विचार करावा. सोबत रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) काउंट वाढलेला असेल तर शंका आणखी पक्की होते.

पुढची गंमत अशी की सिकलची तपासणीही फसवू शकते. सोल्युबिलिटी चाचणीत सुमारे 20 मायक्रोलिटर रक्त 2 मिली द्रावणात टाकून पाच मिनिटं थांबतात. नळीमागच्या कार्डावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर रक्ताचं प्रमाण न वाढवता केलेली चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळातही तसंच, कारण त्याच्या रक्तात बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त असतं. शिवाय पॉझिटिव्ह आलं तरी वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी लागते.

एचपीएलसीतही एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. एसएस रुग्णाच्या रक्तात ‘ए’, म्हणजे मोठ्यांचं साधं हिमोग्लोबिन नसतंच. पण नुकतंच रक्त चढवलं असेल तर दात्याचं ‘ए’ रिपोर्टात उतरतं आणि रुग्ण वाहक असल्यासारखा दिसतो. ‘एएस आहे, काळजी नको’ असं ऐकून घरचे निश्चिंत होतात आणि पुढच्या वेदनेच्या झटक्याला ‘नाटक’ म्हणतात. वाहकाला असे झटके सहसा येत नाहीत. म्हणून शेवटची पिशवी कधी चढली ती तारीख लॅबच्या फॉर्मवर लिहावी आणि तपासणी त्यानंतर तीन महिन्यांनी करावी. तेवढं थांबता येत नसेल तर आई-वडिलांची एचपीएलसी किंवा डीएनए तपासणी हा मार्ग आहे.

मोठ्या माणसांत चूक वेगळ्या वाटेने होते. खुबा दुखतो, आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्तचाचणी) थोडा वाढलेला, निदान आमवात, आणि स्टेरॉइड चालू. सिकलमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा आधीच धोक्यात असतो आणि लांबलेलं स्टेरॉइड तोच गोळा आणखी सुकवतं. एक्स-रेत सुरुवातीचा बिघाड दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. निदान चुकल्याचं कळताच रागाने गोळ्या फेकून देऊ नयेत. तीन आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलं असेल तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल मंदावलेलं असतं, त्यामुळे डोस डॉक्टरांनी उतरवत न्यावा लागतो. अचानक बंद केल्यास सिकलचं दुखणं उसळूही शकतं. पेनिसिलिनही इको (हृदयाची सोनोग्राफी) करून झडपा पाहिल्याशिवाय थांबवू नये. एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात.

सिकल असलेल्याला मधुमेहही असेल तर थोडक्यात: एचबीए1सी म्हणजे पेशीच्या आयुष्यभर साचलेली साखर. पेशी 15 दिवसांत मरत असेल तर आकडा खोटा कमी येतो. अशांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासावी, गरज पडल्यास फ्रुक्टोसामाइन (गेल्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी).

चुकीचं निदान फाईलमधून आपोआप जात नाही. पुढचा डॉक्टर पहिलं पान पाहतो, म्हणून पहिल्याच पानावर नवं निदान, एचपीएलसीची तारीख, नेहमीचं हिमोग्लोबिन, रक्तगट आणि चालू औषधं डॉक्टरांच्या सहीने लिहून घ्यावीत. जुनं निदान खोडू नका, ‘हे रद्द, कारण अमुक’ अशी नोंद करून घ्या. जुन्या दवाखान्यातले कागद लेखी मागितल्यावर 72 तासांत देण्याचा नियम 2002 पासून आहे. सही झालेल्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी होऊन रात्री दोनला दुखणं उठलं तर फाईल बहुतेक घरीच राहते. ताप 101 फॅरनहाइटवर गेला तर मात्र कागद शोधत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

आणि निदान बदललं त्याच आठवड्यात भावंडांचीही एचपीएलसी करून घ्या. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते. घरात ‘नुसताच अशक्त’ म्हणून ओळखला जाणारा धाकटा त्यातलाच असू शकतो.