अमेरिकेत बीएसएन नसेल तर नर्स होता येत नाही?

‘आता कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची नर्सिंग पदवी चालत नाही, बीएसएन (नर्सिंगची चार वर्षांची बॅचलर पदवी) नसेल तर आरएनचं (नोंदणीकृत नर्सचं) लायसन्सच मिळत नाही.’ अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत हे हमखास ऐकू येतं आणि चांगल्या मुली त्यामुळे मागे फिरतात. हे खरं नाही.

असोसिएट म्हणजे दोन वर्षांची पदवीवाली आणि बीएसएनवाली, दोघीही एनक्लेक्स-आरएन ही एकच परीक्षा देतात आणि लायसन्सही एकच मिळतं. गैरसमजाचं मूळ जुनं आहे. 1965 मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने बॅचलर पदवी ही किमान पात्रता असावी अशी भूमिका मांडली. पण तो कायदा नव्हता. नॉर्थ डकोटाने 1987 मध्ये तशी सक्ती केली खरी, पण 2003 मध्ये ती मागे घेतली. न्यूयॉर्कच्या 2017 च्या कायद्याचाही उलटाच अर्थ लावला जातो. तिथे लायसन्स आधी मिळतं, बीएसएनसाठी पुढे दहा वर्षं असतात. त्या वेळी आधीच लायसन्स असलेल्या नर्सना तर ही अट लागूच नाही.

आरएन झाल्यावर बीएसएन मिळवण्याचा कोर्स, आरएन-टू-बीएसएन, म्हणजे सगळं पहिल्यापासून शिकणंही नव्हे. इंजेक्शन, ड्रेसिंग पुन्हा कोणी शिकवत नाही. भर असतो सार्वजनिक आरोग्य, संशोधन आणि नेतृत्वावर. नोकरी सांभाळून बऱ्याच जणी ते ऑनलाइन करतात.

अनेक मोठी हॉस्पिटलं भरतीत बीएसएनला पसंती देतात, हे मात्र खरं. म्हणून ती जरूर करावी. फक्त फी भरण्याआधी कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, ते तपासा.